देवजीची जुनी जीप

जव्हारच्या स्टँडवर दाभोशाला जाणारी जीप भरायची वाट बघत कोंडी मागच्या दाराशी बसली होती. समोरच्या बाकावर देवजी चढला. गेल्या दिवाळीपर्यंत ही जीप त्याचीच होती. आता तुळशीदास चालवतो. तो दाराशीच उभा होता.

"घाटात तापते का रे अजून?"

"नाय, दादा."

"ऑईल तरी खातच असेल."

"थोडं. पहिल्यासारखं नाय."

"इंजिन खोललंस?"

"कशाला? पुढं ऑईल कूलरच्या जाळीत चिखल सुकून बसलेला, तो धुतला. ऑईल गारच होत नव्हतं. पाण्यासारखं पातळ व्हायचं नि इंजिन झिजायचं."

"मी दर महिन्याला ऑईल टाकायचो, तुळशा."

"वरून ओतायचास. जुनं काळं कधी काढलंस?"

"नशीब एकेकाचं! माझ्याकडं सहा वर्षं रडली, तुझ्याकडं गाणी म्हणते."

"चालवतोस? घे चावी."

"नको. हे दार तरी अजून उचलूनच लावायला लागतं ना? माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाय ते."

"बिजागरी बदलली."

देवजी खाली उतरला.

"मी मागच्या गाडीनं येतो."

कोंडीनं एका बोटानं दार ओढलं. टक्कन लागलं.