तांडेल कोण?

मंडळी, एक सांगा. नाव आईबाप ठेवतात. पण नावाला चिकटून येतं ते — राव, साहेब, बुवा, पाटील — ते कोण देतं? आता मीच बघा. हे उपरणं खांद्यावर आहे तोवर मी बुवा. घरी मला काय म्हणतात, ते विचारू नका.

तर ऐका. मालवणकडच्या किनाऱ्यावर एक कोळीवाडा. तिथं होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. केवढा मान! वासू तांडेल तापानं गेला. बायको द्वारका मागं राहिली. ती नवऱ्याबरोबर वर्षानुवर्षं होडीवर जायची, लाटा ओळखायची. पण होडी आली धाकट्या दिराकडे, भिकाजीकडे. होडीबरोबर तांडेलकीही आली. कुणी नुसतं 'भिकाजी' म्हटलं, तर तो ओ देत नसे.

पावसाळ्याआधीचे दिवस. एक खलाशी आजारी, म्हणून द्वारका जाळ्यावर गेली. होडीत भिकाजीचे दोन्ही मुलगे होते. परतताना वारा उलटला. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या — चुकलं की खडक. सुकाणूवर भिकाजीचे हात थिजले.

द्वारका जवळ सरकली. म्हणाली, "भाऊजी, मी धरू?"

मंडळी, विचार करा. सगळ्यांसमोर सुकाणू सोडायचं म्हणजे तांडेलकी सोडायची. त्यानं मुलांकडे पाहिलं. म्हणाला, "वहिनी, धरा. मला जमत नाही."

ती घाई करेना. लाटा येऊ दिल्या, जाऊ दिल्या. मग म्हणाली, "आता मारा वल्हं." होडी दोन लाटांमधल्या फटीतून खाडीत शिरली. काठावर भिकाजीची बायको वाळूतच बसली, मुलांना कुरवाळत.

पुढं नारळी पौर्णिमा आली. मानाचा नारळ याच होडीच्या तांडेलानं दर्यात सोडायचा. जुन्या मंडळींनी हाक दिली, "भिकाजी तांडेल!"

भिकाजी उठला. "तांडेल मी नाही," म्हणाला. "तांडेल माझी वहिनी."

एक म्हातारा कुरकुरला, "अरे, ती विधवा बाई. शुभकार्यात?"

"काका, माझी पोरं घरी आली, तेव्हा दर्यानं तिला हे विचारलं नव्हतं."

द्वारका मागं सरली. "भाऊजी, राहू द्या. मान तुमचा."

"वहिनी, मान मला मिळाला होता. मला तो पेलला नाही."

त्यानं नारळ तिच्या हातात ठेवला. तिनं पाण्यात उतरून नारळ सोडला, आणि मागून आवाज आला, "द्वारका तांडेल." कुरकुरलेला म्हातारा म्हणत होता.

भिकाजी त्याच होडीवर वल्हं मारू लागला. लोक सांगतात, तेव्हापासून तो हसायला लागला.

आता तुमचं बोलू. इथं कुणी सरपंच आहे, कुणी डॉक्टर, कुणी गुरुजी. उद्या सकाळी कुणीतरी त्याच नावानं हाक मारेल. ओ देण्याआधी घटकाभर थांबा आणि आत डोकावून विचारा — ज्याला बोलावलं, तो घरात आहे ना? नसेल, तर खचू नका. त्याला आणायला अजून वेळ आहे.