पाय उचलला की बोलायचं

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या टंकलेखक बाई, त्यांची मुलं, आणि चहा लवकर मिळेल या आशेने मागे बसलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनो,

बाईंनी मघाशी बजावलंय, "साहेब, दोन शब्द बोला आणि बसा. जुनं काही उकरू नका." मी मान डोलावली. पण माइक हातात आला की मी कुणाचंच ऐकत नाही, हे या सभागृहाला ठाऊक आहे.

नव्या मंडळींसाठी सांगतो. आपल्या विभागात चौकशांच्या सुनावण्या तेव्हा कॅसेटवर यायच्या. ऐकून टाइप करायच्या. बाईंनी दुसरं मूल झाल्यावर हे काम घेतलं, ते घरूनच. मी पर्यवेक्षक होतो. संध्याकाळी स्कूटरवरून कॅसेट पोचवायचो, झालेले कागद आणायचो. एकदा दारातच म्हणालो, "तुमचं बरं आहे बाई, घरबसल्या काम!"

बाई म्हणाल्या, "बसायला मिळालं, की कळवते."

हसताय? मीही हसलो होतो. अक्कल मागाहून आली.

झालं असं, की पुलाच्या चौकशीत एका साक्षीदाराच्या तोंडी पान त्रेचाळीसवर हे वाक्य सापडलं: "सिमेंट मी स्वतः तपासलं, थांब गं, दूध उतू जाईल, आणि मग सही केली." विभागभर हशा. आमचे वरचे साहेब मात्र भडकले. "घरी मुलं सांभाळायची की काम करायचं, एकच काय ते ठरवू दे!" काम काढून घेतल्याची नोटीस माझ्या खिशात घालून मला पिटाळलं.

दुपारचे तीन. दार नुसतं लोटलेलं. बाई हेडफोन लावून टाइप करत होत्या. टेबलाखाली चार वर्षांची लेक बसलेली, एक हात आईच्या घोट्यावर. मी तोंड उघडणार तोच तिने ओठांवर बोट ठेवलं आणि पायाकडे दाखवलं. पाय पेडलवर दाबलेला, म्हणजे कॅसेट चालू. गप्प! पाय उचलला की बोलायचं. पोरीने घोटा तीनदा दाबला. पाय उचलला गेला, आई उठली, आतल्या खोलीत गेली. बाळ रडत होतं. एकदा दाबलं की पाणी, दोनदा की शू, तीनदा की बाळ.

मी पोरीला विचारलं, "आई मोकळी कधी होईल?"

"अर्धी बाजू राहिलीय, काका."

मित्रहो, त्या घरात घड्याळ होतं, पण ते पाहुण्यांसाठी. कॅसेटची एक बाजू टाइप व्हायला दीड तास. त्या एका बाजूत बाळाची झोप बसवायची. बाजू उलटताना भात चढवायचा. दूध मात्र कुणाच्या बाजूचं नसतं, ते मध्येच येतं! वेळेच्या नियोजनावरची जाडजूड पुस्तकं मी नंतर ढिगाने वाचली. एकाही लेखकाच्या घोट्यावर लेकराचा हात नव्हता, हे पहिल्या पानावरच कळतं.

नोटीस खिशातच राहिली. साहेबांना सांगितलं, चूक माझी, पानं तपासायचं काम माझं होतं. ते खरंही होतं. काम वाचलं. आज ते सारं आठवलं, की त्या खोलीची शांतता ऐकू येते. टाइपरायटरची खडखड आणि त्याखाली श्वास रोखून बसलेली एक पोर.

इथवर मी शूर दिसतो. आता पुढचं ऐका. सेवापुस्तकात बाईंची सुरुवात मी लिहिली ती त्या कार्यालयात येऊ लागल्या त्या दिवसापासून. आधीच्या एकोणीस वर्षांपुढे माझ्या हाताने लिहिलंय: "घरी." बस्स! जणू त्या झोपाळ्यावर बसून होत्या. त्यामुळे हे जे सुंदर मानपत्र आत्ता दिलं जाणार आहे, त्यात छापलंय, "बारा वर्षांची निष्ठावंत सेवा."

बारा? अध्यक्ष महाराज, पुलाच्या चौकशीचा अहवाल कुणाच्या बोटांनी उतरला? पेडल घरातलं होतं म्हणून पाय नोकरीत नव्हता?

मला मानपत्र नवं छापून नको. बाराच्या जागी एकतीस करा, इथेच, सगळ्यांदेखत. पेन मी आणलंय. सेवापुस्तकातल्या माझ्या चुकीचा लेखी कबुलीजबाबही आणलाय. तो खालच्या कार्यालयात अडकला, तर मी उद्यापासून रोज दारात उभा आहे. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो.

तुम्ही शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. आवाज चढला असेल, कुणाला लागलं असेल, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आता बसतोच, कारण मघापासून टेबलाखाली बाई माझा पाय दाबून धरताहेत. अर्थ मला नेमका ठाऊक आहे: गप्प!

बाई, एकोणीस वर्षं तुमचं घर या पायाकडे बघत गप्प बसलं. ती टेबलाखालची पोर आज तिसऱ्या रांगेत बसलीय, तिलाही दोन शब्द बोलायचेत.

आता पाय उचला.