मधली जागा

टेक्ससमधल्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये लुपे स्वतःच्या गाडीचं ऑइल बदलून होण्याची वाट बघत बसली होती. कान मात्र शेजारच्या टेबलाकडे. तिथे म्हातारे व्हर्जिल आणि त्यांची बायको ओलेटा नवा पिकअप ट्रक ठरवत होते. समोर विक्रेता.

"काका, ह्याला पुढे दोन ऐसपैस खुर्च्या आहेत. मधे कॉफी ठेवायला जागा."

"मला पुढे सलग सीट हवी. तिघं मावतील अशी."

"तसली आता कामावरच्या ट्रकला घेतात. तुम्ही तर रोज बाजाराला, चर्चला नेणार."

"म्हणूनच."

"घरी माणसं किती?"

"आम्ही दोघंच. ही माझ्या शेजारी, मधे बसते."

"आणि खिडकीशी?"

"तिथे आमचा बस्टर बसायचा," ओलेटा म्हणाली. "वारं लागलं नाही तर भुंकून जीव खायचा."

"आता?"

"गेला बिचारा. झाली बरीच वर्षं."

"मग काकू, आता तुम्हीच बसा की खिडकीशी."

"बसले होते एकदा. संध्याकाळी पाद्रीबुवा दारात हजर, आमचं भांडण मिटवायला."

"भांडण झालं होतं?"

"छे. उकडत होतं म्हणून बसले."

व्हर्जिलनी हॅट डोक्यावर नीट बसवली.

"ही कुठे बसते ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, पोरा. सलग सीटवाला मागव. आम्ही थांबतो."