रिकाम्या पुंगळ्या

— नाही नाही, कॉफी पुरे, लोर्ना, तिसरा कप झाला माझा — आणि नूडल्सही नकोत, दुखवट्याचं म्हणून अख्ख्या गावानं तुला तेच आणून दिलंय, फ्रीजचं दार लागत नाहीये तुझ्या — मी काय म्हणत होतो? हां. भेटायला आलोय. परवा दफनाच्या वेळी नीट बोलता आलं नाही ना. आणि आलोच आहे तर डेल्मरच्या सामानात सहज डोकावावं, एवढंच. हसू नकोस. बरं, हस. ओळखलंस तू. काडतुसांच्या पुंगळ्यांसाठी आलोय. माणसाला जमिनीत जाऊन आठवडा झाला नाही, आणि मित्र त्याच्या रिकाम्या पुंगळ्या मागायला दारात हजर — टोपी हातात घेऊन, केस विंचरून. निदान विंचरलेत, एवढं तरी मान. शनिवारी तो जुन्या सामानाचा व्यापारी येऊन सगळं उचलून नेणार म्हणे, मग माझ्या रिव्हॉल्व्हरनं अक्रोडच फोडायचे.

माझीही अडचण समजून घे ना. सगळं जग अडतीस कॅलिबरचं वापरतं, नाहीतर चव्वेचाळीस. एक्केचाळीसचं रिव्हॉल्व्हर घेणारे शहाणे या भागात दोनच, तुझा नवरा आणि मी. मी का घेतलं? त्यानं घेतलं म्हणून. त्यानं का घेतलं? दुकानदारानं गळ्यात मारलं, दुसरं कोणी घेत नव्हतं. मग आली टंचाई. कारखाने आधी खपतो तो माल काढणार, आमची काडतुसं कोण करत बसतो? म्हणजे आपलं आपण भरायचं — झाडलेली पुंगळी घ्यायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली, आत बंदुकीची दारू, वर गोळी. तर टिकल्याच मिळेनात. पार बिलिंग्ज शहरापर्यंत गेलो, तिथला विक्रेता मला म्हणतो, एक्केचाळीस? असं असतं का काही? — मला, लोर्ना. घरी पोचेपर्यंत त्याला उत्तरं देत होतो, गाडीत, एकटाच.

एकदा मिळाल्या, तर डबी माझ्या हातून गालिच्यावर सांडली. ही बोटं बघ ना, बटण लागत नाही धड. रांगत रांगत वेचल्या, वाटलं सगळ्या सापडल्या. दुसऱ्या दिवशी आर्डिसनं व्हॅक्यूम फिरवला — फट्. तिनं व्हॅक्यूमला आणि नवऱ्याला, दोघांनाही अंगणात काढलं. व्हॅक्यूमला संध्याकाळी परत घेतलं.

काय? या फडताळात? मी उघडू? — अरे देवा. ही तर... थांब, चष्मा लावतो. ही भरलेली काडतुसं आहेत. हेही खोकं भरलेलं. हेही. एकसुद्धा रिकामी नाही यात. आणि हा गृहस्थ मला म्हणायचा, वेंडेल, माझ्याकडे मूठभर उरलीत रे. काय माणूस. आणि त्याच्यावर मी विश्वास ठेवत होतो.

मग दर रविवारी दगडखाणीत नेमबाजीला जाऊन काय उडवायचात, म्हणतेस? आता काय सांगू तुला. काही नाही. टंचाई सुरू झाल्यापासून आम्ही एक गोळी झाडलेली नाही. डबे मांडायचो दगडावर, अगदी रीतसर, कानात कापूस घालायचो. मग तो म्हणायचा, तू आधी. मी म्हणायचो, छे छे, तू आधी. एक उडालं की एक कमी ना. आणि घरी येऊन तुला सांगायचा, सगळे पाडले म्हणून? मीही आर्डिसला तेच सांगायचो. पडायचेच ते, वाऱ्यानं. — माझ्याकडे? माझ्याकडेही भरलेलीच आहेत. कपाटात. बरं, पलंगाखालीही. म्हणजे मोंटानात एक्केचाळीसची टंचाई का, तर तुझ्या फडताळामुळे आणि माझ्या पलंगामुळे. मग रिकाम्या कशाला हव्यात, म्हणतेस? भरायला. झाडल्याशिवाय रिकामी होत नाही, आणि मी झाडत नाही, म्हणून लोकांच्या शोधत हिंडतो. आजवर हे कोणाला मोठ्यानं सांगितलं नव्हतं. सांगायला नको होतं असं वाटतंय.

मग सकाळभर करायचो काय? बसायचो. ट्रकच्या मागच्या फळीवर, मध्ये थर्मास. बोलायचो. घरी गप्प असायचा ना? तिथं नाही. तिथं थांबायचाच नाही. खरं सांगू, लोर्ना, मला काडतुसं नकोत, मला तो रविवार हवाय, आणि तो काही कुठल्या दुकानात मिळायचा नाही. काय काय बोलायचा — तुझे टोमॅटो, तलावाकाठी घर बांधायचं ते, आणि मग तपासण्यांत आजार निघाला तेव्हा तर — हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा होता, गार पडलं होतं — रडला गं तो तिथं, मला म्हणाला, लोर्नाला कुठल्या तोंडानं सांगू —

काय?

शरदातच. बर्फ पडायच्या आधी.

...त्यानं तुला मार्चमध्ये सांगितलं?

मग माझाच घोळ असेल. महिने राहत नाहीत हल्ली डोक्यात, आर्डिसला विचार, मी नाताळसुद्धा — नाही. अशी बघू नकोस. ऑक्टोबर. हो, ऑक्टोबर.

हे मी ठेवतो परत. सगळं जिथल्या तिथं. काही नको मला यातलं. तू बस, उठू नकोस. बरं. बरं, जातो. दार मी ओढून घेतो.