मृत्यू सतरा नंबरच्या बाहेर झाल्याबाबत

माझे नाव तल्लूरी नागभूषणम, वय ५२ वर्षे, धंदा फरशी व टाइल्सचे दुकान, सध्या राहणार दिलसुखनगर, हैदराबाद, भाड्याच्या घरात. कायमचा पत्ता म्हणून मी शंकरपल्ली रस्त्यावरील नव्या कॉलनीतील घर क्रमांक १७ सांगितला. तिथे राहायला गेला नाहीत तर तो पत्ता कसा, असे लिहून घेणारे म्हणाले. मी म्हणालो, खरेदीखत माझ्या नावावर आहे, लिहा. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, कोणाच्या दबावाखाली नसताना, खालीलप्रमाणे सांगतो.

घर क्रमांक १७ चा ताबा मला मागच्या महिन्यात मिळाला. गृहप्रवेश येत्या गुरुवारी सकाळी ठरला होता. गाय-वासरू सांगून ठेवले आहे, पत्रिका वाटून झाल्या आहेत. रंगाचे काम चालू असल्याने एक किल्ली कॉलनीचा वॉचमन मल्लेश याच्याकडे होती. ही माझी चूक, हे मी मान्य करतो.

शेजारचे घर क्रमांक १६ कोम्मिनेनी सुधाकर यांचे आहे. त्यांचा गृहप्रवेश अकरा दिवसांपूर्वी झाला. मी जेवायला होतो. त्यांचे वडील रामलिंगेश्वर राव, वय ८१, निवृत्त शिक्षक, गावाकडून आणलेले होते. दवाखान्याने हात टेकून त्यांना घरी पाठवले होते. मंगळवारी पहाटेपासून पंचक लागले. पंचकात घरात कोणी वारले तर आमच्यात ते घर सहा महिने बंद ठेवावे लागते, चूलसुद्धा पेटत नाही. पंतुलूंनी, म्हणजे भटजींनी, सुधाकर यांना हे बजावले होते. पंतुलू आमचे दोघांचे एकच आहेत, म्हणून मला माहीत.

काल बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी, माझी पत्नी सरोजिनी व पडदेवाला असे मापे घेण्यासाठी गेलो. दार उघडताच हॉलमध्ये पट्ट्यांच्या खाटेवर रामलिंगेश्वर राव झोपलेले दिसले. शेजारी थर्मास व पेला होता. पंखा अजून बसवलेला नाही. मल्लेशला विचारले. तो म्हणाला, सुधाकरसाहेबांनी मंगळवारी दिवस उजाडायच्या आत खाट इकडे आणायला लावली, रंगवाल्यांना चार दिवस सुट्टी दिली. माझ्या रंगवाल्यांना सुट्टी देणारा हा कोण?

रामलिंगेश्वर राव यांना शुद्ध होती. त्यांचा एक हात खाटेखाली फरशीवर होता. ते मला म्हणाले, "ही फरशी कोणी निवडली? गार आहे." मी सांगितले, मी निवडली. ते म्हणाले, "चांगली निवडलीत, बाबू." यावरून ते त्या वेळी जिवंत होते हे दिसते, म्हणून सांगितले.

मी १६ नंबरचे फाटक वाजवले. आतून कुलूप होते. सुधाकर यांची पत्नी वरच्या खिडकीतून बोलली. ती म्हणाली, "तुमची पूजा कुठे झालीय अजून? पूजा नाही झाली तर त्या नुसत्या भिंती. भिंतींना कसला आलाय दोष?" मी म्हणालो, मग तुमच्याच भिंतींत ठेवा की सासऱ्यांना. तिने खिडकी लावून घेतली. सुधाकर पडद्याआड उभे होते, मला पाय दिसत होते. मी हाका मारल्या, फोन लावले. एवढा शिकलेला माणूस, पण खाली यायची हिंमत नाही. त्यांचा राग मला अजूनही आहे, तो लपवत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी माझी आई दवाखान्यात वारली तेव्हा घरमालकाने तिला दाराच्या आत घेऊ दिले नाही. दुसरे भाडेकरू येणार नाहीत म्हणाला. आम्ही तिला रस्त्यावर ताडपत्रीखाली ठेवले, तिथूनच नेले. त्या दिवशी मी ठरवले की घर घेईन ते स्वतःचे, जिथून आम्हाला कोणी बाहेर काढणार नाही. याचा कालच्या घटनेशी संबंध नाही असे इथल्या सब-इन्स्पेक्टर, एसआय मॅडम म्हणाल्या. तरी लिहून घ्यावे.

त्यानंतर मी, मल्लेश व पडदेवाला यांनी खाट उचलली. वेळ अकरा वाजून पस्तीस मिनिटे. खाट १६ नंबरच्या फाटकासमोर रस्त्यावर ठेवली. ऊन होते, डांबर चपलेला चिकटत होते. सरोजिनी म्हणाली, निदान पोर्चमध्ये सावलीत ठेवा. मी नको म्हणालो, कारण पोर्चचा आणि घराचा स्लॅब एकच आहे. ती म्हणाली, "सासूबाईंना त्या मालकाने ताडपत्री तरी बांधू दिली होती." तिने पदर धरून त्यांच्या तोंडावर सावली केली. त्यांनी पाणी मागितले, तिने पेल्याने दिले, ते ओघळून गेले. अकरा पन्नासला ते गेले.

त्यानंतर पाच मिनिटांत १६ नंबरचे कुलूप निघाले. सुधाकर यांनी रस्त्यावर बसून मोठ्याने रडायला सुरुवात केली. लोक जमल्यावर त्यांनी सांगितले की वडील शांतपणे १७ नंबरमध्येच गेले, यांनी बाहेर काढले ते प्रेत. पंतुलूंनी ते खरे धरून माझा मुहूर्त रद्द केला. सतरा नंबरला सहा महिने कुलूप लावा असा निरोप पाठवला. कॉलनीतल्या बायका माझ्या फाटकापासून पदर सावरून लांबून जातात. म्हणून मी तक्रार द्यायला आलो आहे. मृत्यूचे ठिकाण 'रस्ता' असे सरकारी कागदावर यावे, एवढीच माझी मागणी आहे.

एसआय मॅडमनी लिहून घेणाऱ्यांना लेखणी खाली ठेवायला लावली आणि मला समजावून सांगितले. डॉक्टरांना अर्ध्या तासाच्या आत-बाहेरचे सांगता येत नाही. म्हातारे आत गेले असतील तर तुम्ही प्रेत हलवले, त्यात फारसे काही नाही. जिवंत असतील तर मरणाऱ्या माणसाला भर उन्हात रस्त्यावर ठेवणारे तुम्ही, मग गुन्हा सुधाकरवर तसा तुमच्यावरही. नीट विचार करा म्हणाल्या, आणि मला व सोबत आलेल्या सरोजिनीला दहा मिनिटे बाहेरच्या बाकावर बसवले.

सरोजिनी म्हणाली, "आत गेले म्हणा. सहा महिन्यांनी घर उघडेल. तुम्ही कधी सुटाल ते कोण सांगणार?" मी तिला म्हणालो, तू त्या घरात पाय ठेवशील का मग? ती म्हणाली, तसाही नाही ठेवणार.

मी विचार केला. ते आत गेले नाहीत. कोणी म्हणेल याला पुरावा काय, तर पुरावा आहे. खाट दारातून काढताना त्यांनी चौकट धरली. उजव्या हाताने, घट्ट. मेलेला माणूस धरत नाही. मल्लेश पुढे होता, त्याला दिसले नाही, पडदेवाला पायाकडे होता. बोटे मी सोडवली, एकेक करून, पाचही. अंगठा शेवटी सुटला. तोवर ते मास्तर माझ्याकडेच बघत होते. खाट उंबऱ्याबाहेर पूर्ण आल्यावर मी हात सोडला.

हा जबाब मला माझ्या भाषेत सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी 'मयतास उचलून बाहेर ठेवले' असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावून 'जिवंत इसमास' असे करून घेतले आणि त्या दुरुस्तीपुढे वेगळी सही केली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.