डिस्कम्होरं नाव घ्या

...आन् परत इचारलंच बगा त्यानं! तुम्हाला सांगते, कंप्युटर माझ्या लेकाचा, टेबल माझ्या घरातलं, लाईट आमच्या मीटरची, आन् माझ्याच घरात मलाच इचारतंय, तू कोण?

आता आमचं मुरुडचं घर दुपारी म्हंजी निस्ता शुकशुकाट. लेक श्रीशैल आन् सून तारामती, दोघंबी लातूरला कामाला. मालक गेले, त्यांचा आवाज उरलाय तो एकाच जागी... हिमायतनगरला पुतणीच्या लग्नाची शूटिंग, ती ह्या कंप्युटरच्या दुसऱ्या डिस्कमधी. संध्याकाळी समद्यांम्होरं कसं म्हणावं, मालकाला लावा म्हणून? लाज वाटत न्हाई का माणसाला? म्हणून म्हणलं, दुपारी आपलं एकटीनंच बघावं.

तर श्रीशैलनं त्यात लिनक्स का काय घातलंय. चालू होतंय गुमान, पण त्या डिस्कवर टिचकी मारली की पासवर्डची चौकट म्होरं येती. मी शाळेची पायरी चढले न्हाई, पण ध्यानात ठेवायला मला सांगा की! कोणत्या बटनामागं कोणतं, समदं बोटाला पाठ केलं. आन् मंग ह्यो हसत म्हणतो, "आई, आबांचंच नाव हाय ते. रोज घेणं व्हतंय."

बोट वरच्या वर राह्यलं माझं. अवो, उखाण्याबिगर ह्या तोंडातनं ते नाव कधी निघालं न्हाई, रेशनच्या दुकानातबी मी 'श्रीशैलचे वडील' म्हणून भागवलं...

"तोंडानं कुटं घ्यायचंय, आई? बोटानं दाबायचंय निस्तं."

"तोंड तेवढं माझं, आन् बोट काय शेजारणीचं हाय?"

मंग काय, रोज दुपारी मी टिचकी मारणार, आन् माझ्याच घरात मलाच इचारतंय, तू कोण? त्यांची बायको हाय रे बाबा... पण नाव घेतल्याबिगर पटंना त्याला. पासवर्ड बदल म्हणावं तर लेकाचं तोंड उतरून राह्यलं, बापाचं नाव काढायचं म्हणून.

शेवटी एका संध्याकाळी शेजारची रईसा आली, ऑनलाइन फारम भरायचं दुकान चालवती ती. तिला सांगितलं तर पोट धरून हसली, म्हणली तिची सासूबी अशीच. मंग तिनं श्रीशैलला इचारलं, नाव राहू दे, पण घरच्याच डिस्कला दरवेळी कुलूप कामून? कंप्युटर चालू होतानाच ती आपोआप जोडून घ्यायची, मंग इचारणारच न्हाई. ह्यो म्हणला, कुणीबी बघल की. मी म्हणलं, बघू दे, त्यात भावकी पंगतीला जेवून राह्यली, सोनं न्हाई पुरलेलं! तवा कुटं रईसानं पडद्यावरच्या चौकोनात एक बरोबरची खूण केली, लेकानं शेवटचा पासवर्ड दाबला, आन् मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी. टिचकी मारली... आन् काय सांगू, चौकट न्हाई, इचारणं न्हाई, डिस्क उघडली गुमान, शूटिंग लावली. मांडवात मालक, फेटा वाकडा, थेट माझ्याकडं बघून राह्यलेत. माझा पदर डोळ्याला. इतक्या दिसानं तोंड उघडलं त्यांनी, आन् म्हणले काय?

"अगं ए, च्या कुटं हाय?"

घ्या! नाव त्यांनीबी घेतलं न्हाई. उठले बगा मुकाट, च्या टाकायला.