जाधवांचा सभात्याग

राव, सभात्याग म्हणजे काय ते आम्हाला टीव्हीवर नाही, कंपनीच्या बसमध्ये कळलं.

आकुर्डीहून चाकणला जाणारी आमची बस सगळी सत्ताधाऱ्यांची, विरोधी पक्षाचे एकटे जाधव. त्या दिवशी विरोधकांनी विधानसभेचं कामकाज बंद पाडल्याची बातमी होती. मावळातले आमचे तात्या सुरू झाले, "मूठभर लोकं आन् सगळं काम अडवून बसत्यात. सभागृहात बसून चर्चा कराया काय व्हतंय?"

जाधव म्हणाले, "तुमचे लोक विरोधात होते तेव्हा तिथं काय भजन करत होते का? बोलू दिलं नाही की अडवणारच!"

पण बसमध्येही त्यांना कुणी बोलू देईना. शेवटी चिडून त्यांनी डबा उचलला, "मी सभात्याग करतो," म्हणाले आणि चाकणच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसमधून उतरून चालायला लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

बस काही हलेना. कशीबशी कंपनीत पोचलो, तर जाधव वेळेत पंचिंग करून चहा पीत बसलेले. अख्ख्या बहुमताला लेटमार्क!

दुसऱ्या दिवशी बस पुन्हा तिथंच अडकली. तात्यांनी मुकाट्यानं पिशवी खांद्याला लावली आणि उतरले. त्यांच्या मागं आम्ही सगळे. जाधवांच्या पायाला मात्र कालच्या चालण्यानं फोड आलेले, ते एकटेच बसून राहिले.

खिडकीतून ओरडले, "अहो तात्या, सभागृहात बसून चर्चा करा की!"

तात्या गर्रकन वळले, "आन् काल तुमी काय भजन करत व्हता का?"